जुनं सामान

मोर्व्यातल्या आमच्या घरी लोखंडाचं काही टिकत नसे. खिडकीचे गज चार पावसाळ्यांत सुतळीएवढे बारीक व्हायचे, दाराची कडी हातात यायची, रहाटाची कप्पी दर दोन वर्षांनी नवी. आजूबाजूला मिठागरं, पलीकडे खाडी, वारा सुटला की ओठ खारट. माझा बापूस मिठागरात कामाला होता. उधाणाचं पाणी आत घ्यायचं, बांध घालून कोंडायचं, एका खणातून दुसऱ्या खणात फिरवत दाट करायचं आणि तळाला बसलेलं मीठ फळीनं ओढून कडेला रास लावायची, हे त्याचं दिवाळीपासून मिरगापर्यंतचं आयुष्य. तो म्हणायचा, "मीठ सगल्यांना टिकवतं, लोखंडालाच खातं." सुकी मासळी, खारातली कैरी, सगळं मिठानं टिकायचं. सायकल मात्र मिठागरावर नेली की वर्षभरात तिचा मडगार्ड बिस्किटासारखा मोडायचा. आणि त्या बापसाच्या पोरानं पुढं पस्तीस वर्षं गंज खरवडून पोट भरलं.

मी पहिली मोटार जवळून बघितली ती भाईंदर-उत्तन रस्त्यावर, सत्तर-एकाहत्तर साली. डुक्कर फियाट. कंपनीनं तिला काय नाव दिलं होतं ते आमच्याकडं कुणाला ठाऊक नव्हतं. समोरून फुगीर नाकाड दिसायचं म्हणून डुक्कर. तिची पुढची दारं उलटी उघडायची, म्हणजे बिजागरी मागच्या अंगाला. माणूस पाय आधी बाहेर टाकून आरामात उतरायचा, एखाद्या संस्थानिकासारखा. आम्ही पोरं राई-मुर्ध्यापर्यंत तिच्या मागं धावायचो. ती डोंगरीच्या एका घरची होती एवढं कळलं होतं. त्या घराशी आपला पुढं संबंध येईल असं तेव्हा काही वाटलं नव्हतं.

१९८३ साली मी काशीमिऱ्याला हायवेच्या कडेला एका गॅरेजात लागलो. उस्ताद घोडबंदरचे कोकणी मुसलमान. सगळे त्यांना मामू म्हणत. मराठी आमच्यासारखीच बोलत, फक्त रागावले की हिंदी. पहिली दोन वर्षं मी पाने धुतले, रॉकेलमध्ये पार्ट बुडवले आणि चहा आणला. मग डेंटिंग शिकलो. पत्र्यामागं लोखंडी ठोकळा धरायचा, वरून हलक्या हातानं हातोडी मारायची, आणि तळहात फिरवून बघायचं. डोळ्याला न दिसणारा खड्डा तळहाताला कळतो. मामू दिवा बंद करून आमची परीक्षा घ्यायचे. "अंधारात सांग, कुठं चढ हाय?"

१९८५ साली आमच्या गावांची मिळून नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. मिठागरांच्या कडेनं इमारती वर आल्या. बापसाचं काम गेलं. आमच्या गॅरेजात मात्र काम वाढलं, कारण मुंबईतल्या हौशी लोकांना जुन्या गाड्या हव्या होत्या आणि मुंबईत त्या खोलायला जागा नव्हती. कुणाच्या आजोबांची मॉरिस, कुणी लिलावात घेतलेली लष्करी जीप, आणि फियाट तर विचारूच नका. कुर्ल्याला प्रीमियरचा कारखाना होता, तिथून पिढ्यान् पिढ्या फियाट निघाल्या. १९६४ ची डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी. मुंबईची काळीपिवळी म्हणजे तीच. नाव बदललं, नाकाड बदललं, तरी १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन त्याच घराण्यातलं. त्यामुळं एकीचं काळीज दुसरीत सहज बसायचं. ह्या सोयीनंच पुढं घोटाळा केला.

खरं म्हणजे हौशी क्लबवाल्यांच्या हिशोबानं 'व्हिंटेज' म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गाडी. फोर्टात हॉर्निमन सर्कलला रॅली निघते तिथं असल्या गाड्या बघाव्यात. पण बाजारात आम्ही सगळे डुक्कर फियाटलाही व्हिंटेजच म्हणायचो. व्हिंटेज म्हटलं की भाव दुप्पट.

पुढं मामूंचे हात कापू लागले आणि २००४ साली त्यांनी गॅरेज माझ्या हवाली केलं. गॅरेजात त्यांचा एक कायदा होता. कुठल्याही गाडीतून जे काढलं ते गोणीत भरायचं. सडलेला पत्रा, झिजलेले पिस्टन, फुटकी काच, वायर, नटबोल्टसुद्धा. गाडी दिली की गोणी गिऱ्हाइकाच्या पायाशी ठेवायची. "हे तुमचं जुनं सामान. बघून घ्या, मग पाहिजे तर भंगारात द्या." गिऱ्हाईक वैतागायचं. नव्या रंगाच्या गाडीशेजारी ती तेलकट गोणी म्हणजे नवरीशेजारी मयताचं सामान. पण मामू ऐकायचे नाहीत. नवीन पार्ट घातला हे बिलावर कुणीही लिहील, जुना पार्ट दाखवणारा मेकॅनिक वेगळा, असं त्यांचं म्हणणं. साधी रोजची गाडी असली तर हे ठीकच. पण जुनी गाडी आपणच विकत घेऊन, उभी करून, विकायची असली तर? तिथं गिऱ्हाईक पार्टांचे पैसे देत नाही, जुनेपणाचे देतं. मग जुनेपणाची गोणी वेगळी आणि गाडी वेगळी, हे त्याला दाखवायचं का?

हा प्रश्न मला २००८ साली पडला. पडला म्हणजे, मी तो पडू दिला नाही.

त्या वर्षी डोंगरीच्या बायनं निरोप धाडला. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. गाडी अंगणात ताडाच्या झापांखाली उभी होती, १९६१ ची, तीच आमच्या लहानपणची. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यावर बसली होती. तळाचा पत्रा इतका गेला होता की आत बसलं तर पाय गवतात. मी नऊ हजार बोललो, बाय म्हणाली दहा, दहाला सौदा झाला. पैसे मोजून ती म्हणाली, "आत त्याचं काय गवसलं तर आनून दे रं पोरा. मना गाडीचं काय नाय, त्याचं काय असंल तर." पुढच्या कप्प्यात एक जपमाळ मिळाली. ती दुसऱ्याच दिवशी नेऊन दिली आणि आपण शब्द पाळला म्हणून स्वतःवर खूश झालो.

मग गाडी खोलली. किनाऱ्याकाठच्या गाडीचं खरं रूप सीट काढल्यावर दिसतं. वरून रंग शाबूत असतो आणि आतून नखानं टोचलं तरी भोक पडतं. खालचा तळ कापला, दोन्ही बाजूंच्या पायऱ्या कापल्या, गॅसनं नवा पत्रा जोडला. उलटी दारं दोन्ही सडलेली. ती एका दुसऱ्या डुक्कर फियाटची मिळाली, तिचा पुढचा भाग ट्रकखाली गेला होता. इंजिन आखडलेलं. महिनाभर डिझेल ओतून ठेवलं, हललं नाही. कुर्ल्याच्या बाजारातून मोडीत निघालेल्या टॅक्सीचं पद्मिनी इंजिन आणलं, बोअर करून बसवलं. वायरिंग सगळं नवं. बंपरला नवा मुलामा. काचा नव्या, रबर नवं, सीट नव्या. सहा महिन्यांनी बघितलं तर बायच्या अंगणातलं उरलं काय? टप, बोनेट, मागचा सांगाडा आणि चॅसी नंबरची पट्टी.

आमचा वायरमन मराठवाड्यातला पोरगा, रविवारी विहारात जायचा. दुपारी डबा खाताना मी सहज म्हटलं, "आता हिला जुनी गाडी कशी म्हणायची?" तो हसला आणि नागसेनाची गोष्ट सांगितली. 'मिलिंदप्रश्न' मधली. मिलिंद राजा रथात बसून भिक्खू नागसेनाकडे आला. नागसेनानं विचारलं, चाक म्हणजे रथ का? नाही. आस म्हणजे रथ? नाही. जू? लगाम? नाही. मग सगळ्यांची रास म्हणजे रथ? तेही नाही. ह्या सगळ्यांच्या बाहेर काही वेगळा रथ आहे? नाही. मग महाराज, रथ कुठं आहे? राजाला म्हणावं लागलं, हे सगळे भाग जुळून आले म्हणून 'रथ' हे नाव चालतं, एवढंच. वायरमन म्हणाला, "शेठ, गाडी म्हणजे नावच. तुम्ही कशाला जीव खाता?"

मला ते फार आवडलं. म्हणजे फार सोयीचं वाटलं. दुसऱ्याच दिवशी मी मनात आणखी दाखले गोळा केले. आमच्या गावदेवीच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा कौलं गेली, लाकडी खांब गेले, संगमरवरी फरशा आल्या, आणि एकाही म्हाताऱ्यानं ही देवी दुसरी आहे म्हटलं नाही. उत्तनला पावसाळ्याच्या मासेमारीबंदीत होड्या वर ओढतात, एक जून ते एकतीस जुलै. तेव्हा दर वर्षी दोनचार फळ्या बदलतात, फटींत कापूस ठासतात. वीस वर्षांत अख्खी होडी बदलते. नाखवा तरी म्हणतो, माझ्या बापाची होडी. तो खोटं बोलतो का? मुळीच नाही.

पण हे दाखले गोळा करताना मी दोन गोष्टी मुद्दाम बघितल्या नाहीत. नाखवा होडी विकत नव्हता. आणि देवळात जुनी मूर्ती बदलायची वेळ आली तर ती भंगारात देत नाहीत, विधी करून पाण्यात सोडतात, सगळ्या गावासमोर.

त्या वेळी गॅरेजात दुसऱ्याही तऱ्हेचं काम चालायचं. गाडी नटवणं. उत्तन-गोराईच्या बाजूला सुट्टीला येणाऱ्या पोरांसाठी जुन्या जीपा रुंद टायर लावून, टप कापून, नारंगी-हिरव्या रंगात रंगवून द्यायच्या. जाणते लोक ह्याला नाक मुरडतात. मी नाही मुरडत. नटवलेल्या जीपेला कुणी मूळची समजत नाही. ती चौकातल्या सोंगासारखी असते, सोंग आहे हे सोंग बघणाऱ्यालाही माहीत असतं. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कंपनीनं जशी बनवली त्याच्याविरुद्ध गाडीत बदल करून ती रस्त्यावर आणता येणार नाही. सुरक्षेसाठी ते बरोबरच असेल. तरी तेव्हा मनात आलं, उघड बदल करणारा पकडला जातो आणि चोरून बदल करून 'जशीच्या तशी' म्हणणारा सुटतो.

फियाटकडं वळतो. ती आम्ही जशीच्या तशी करत होतो. कुठं काय चुकलं तर हौशी लोकांना लगेच दिसतं, म्हणून चोरबाजारातून मी एकेक चीज हुडकली. घड्याळाची काच, दिव्याची कडी, बोनेटवरची पट्टी. जुन्या फियाटला गिअर खाली नसतो, स्टिअरिंगच्या दांड्याला असतो. त्याच्या टोकाला कंपनीची हस्तिदंती रंगाची प्लॅस्टिकची छोटी मूठ. ह्या गाडीला ती नव्हती. तिच्या जागी लाकडाची मूठ होती, शिसवी असावी, हातानं घासून गोल केलेली, घामानं काळीभोर. जशीच्या तशी गाडीत हे कसं चालणार? मी सहाशे रुपये मोजून प्लॅस्टिकची मूळ मूठ आणली आणि लाकडाची काढून गोणीत टाकली. मूळची वाटावी म्हणून.

गाडी बाहेर काढली तेव्हा काशीमिऱ्याच्या नाक्यावर माणसं थांबून बघायला लागली. खालून फिकट करडा, वरून पांढरा. महिनाभरात ठाण्याचा एक तरुण आला, चांगला नोकरीवाला. त्याच्या आजोबांकडं अशी गाडी होती म्हणे, फोटोच होता मोबाइलमध्ये. त्यानं दार उघडलं, उलटं, आणि पाय आधी बाहेर टाकून उतरून बघितलं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मग विचारलं, "काका, सगळी ओरिजिनल आहे ना?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच. एक अक्षर. आजपर्यंत मी हे किती तऱ्हांनी समजून घेतलंय. त्याला 'हो' च हवं होतं, हे एक. त्याच्या आजोबांच्या गाडीत आणि ह्या गाडीत तसाही काही संबंध नव्हता, तो त्यानं स्वतःच जोडला होता, हे दुसरं. पार्ट सगळे फियाटचेच होते, म्हणजे ओरिजिनलच की, हे तिसरं. वकील असतो तर तिन्ही मुद्दे चालले असते. पण मी 'हो' म्हणताना माझा हात बोनेटवर होता आणि तळहाताला चढ लागत होता. अंधारात लागावा तसा.

सव्वातीन लाख आले. त्या आधीच्या रात्री मी दोन्ही गोण्या, कापलेला पत्रा, जुनं आखडलेलं इंजिन आणि दारं भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकली होती. ही गोणी त्या पोराच्या पायाशी ठेवली असती तर सौदा तुटला असता, असं मला वाटलं. खरंच तुटला असता का, ते आता कसं सांगणार? इंजिन बदललं तर आरटीओत नोंद करावी लागते. ती मी केली नाही. काही लोक जुना नंबर नव्या इंजिनावर ठोकून देतात. तेवढं मी केलं नाही, ह्याचं पुष्कळ दिवस मला समाधान होतं. खोटं लिहिलं नव्हतं. लिहिलंच नव्हतं.

पंधरा दिवसांनी मामूंना भेटायला घोडबंदरला गेलो, पेढे घेऊन. ते खाटेवर बसले होते, समोर किल्ल्याचा बुरूज. आनंद झाला त्यांना. गाडीचं सगळं विचारलं, बोअर किती केलं, पायऱ्या कशा वळवल्या. मग म्हणाले, "गोणी दिलीस ना?"

मी म्हटलं, "दिली."

गिऱ्हाइकाला खोटं बोललो त्याला निदान सव्वातीन लाखांचं कारण होतं. हे कशासाठी बोललो? २०११ ला मामू गेले. त्यांना अखेरपर्यंत वाटत राहिलं की त्यांचा कायदा चालू आहे.

त्यानंतर मी गोण्या द्यायला लागलो, हे सांगायला हवं. पश्चात्तापानं नाही. भीतीनं. मामू विचारतील अशी भीती, आणि ते नसताना ती जास्तच वाटायची. एक वहीही केली. कुठल्या गाडीत काय बदललं, कुठून आणलं, तारीख. दोन सौदे त्या वहीनं मोडले. एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थांनी मात्र वही बघून दहा हजार जास्त दिले, आणि वहीची पानं फोटोकॉपी करून मागितली. असे गिऱ्हाईक शंभरात एक, त्याच्यावर धंदा चालत नाही.

आता २०२१ ची गोष्ट. त्या वर्षी जुलैत केंद्र सरकारनं नियम काढला. पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी, नंबरात 'व्हीए' अक्षरं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, नंतर नूतनीकरणाला ५,०००. अट एकच महत्त्वाची. गाडी मूळ रूपात असावी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. बाजारात आम्ही ज्याला सहज व्हिंटेज म्हणायचो, त्याला सरकारनंही व्हिंटेज म्हटलं, पण मूळ रूप म्हणजे काय हे पहिल्यांदा कागदावर आलं.

पावसाळा संपता संपता तो ठाण्याचा तरुण आला. तरुण आता राहिला नव्हता, कानाजवळ पांढरे. गाडी त्यानं फार जपली होती, हे बोनेट उघडल्याबरोबर कळलं. त्याला ती व्हीएमध्ये न्यायची होती. कुणीतरी चांगला भावही बोललं होतं, पण तो विकणार नव्हता, मुलाला द्यायची म्हणे. अडचण एकच, आरसी बुकातला इंजिन नंबर आणि इंजिनावरचा नंबर जुळत नव्हता. "काका, कुठल्या तरी जुन्या दुरुस्तीत चुकून नोंद राहिली असेल. तुम्ही फक्त एका कागदावर लिहून द्या, की बाकी गाडी मुळातलीच आहे. तुमच्या सहीला किंमत आहे. आणि मूळ मालकाकडं जुना फोटो असला तर मिळवा ना, फाइलला लावतो."

तो मला दोष देत नव्हता. त्याच्या डोक्यातच नव्हतं. तेरा वर्षं त्यानं माझ्या 'हो' वर गाडी चालवली होती. मी म्हटलं, दोन दिवस दे.

डोंगरीला गेलो. बाय पंच्याहत्तरीच्या पुढं, पण शाबूत. झापांच्या जागी पत्र्याची शेड आली होती, नातवाची मोटरसायकल उभी होती. ओळखलं तिनं. फोटो होता, लग्नातला, गाडीवर फुलांच्या माळा. तो देताना मी तिला मोबाइलवर आत्ताची गाडी दाखवली. मला वाटलं, भरून येईल तिला. तिनं चष्मा लावून बघितलं. "रंग बरा दिलाय. पेट्रोल किती पिते आथा?" मी सांगितलं. "जास्त पिते. त्याच्या हाताखाली कमी प्यायची."

मग मी सांगून टाकलं. दारं दुसरी, तळ नवा, इंजिन टॅक्सीचं. हे तिला सांगायचं काही कारण नव्हतं. ज्याला सांगायचं त्याच्याआधी कुणावर तरी करून बघितलं म्हणा. ती हसली. "मंग? अकरा वर्सं मरून पडली होती अंगनात. तू उठवलीस ते काय तसंच उठवनार?" तिला काहीच वाटलं नाही. जिचा त्या गाडीवर सगळ्यात जास्त हक्क, तिला मूळ आणि नवं ह्यात काडीचा रस नव्हता. मी उठायला लागलो.

ती म्हणाली, "ती मूठ हाय ना तिला? लाकडाची?"

मी गप्प.

"त्यानं केलेली. वसईला होड्या बांधायच्यात जायचा ना लग्नाआधी, तिथल्या लाकडाच्या तुकड्याची. कंपनीची मूठ पडली तवा. मी बोल्ले, बाजारातून आन, तर बोल्ला, बाजारातली माझ्या हाताची थोडीच." जरा थांबून म्हणाली, "मी मागल्या खेपेला मागनार होती तुझ्याकडं. मंग बोल्ले, राहू दे, गाडीतच बरी."

काय सांगितलं मी? खरं सांगितलं. भंगारात गेली. ती बराच वेळ काही बोलली नाही. आत गेली, चहा करून आणला, आणि बशीत ओतून दिला, मी लहान असल्यासारखा. रागावली असती तर बरं झालं असतं.

नागसेनाची गोष्ट मला अजूनही खरी वाटते. रथ कुठंच नसतो, भाग असतात आणि नाव असतं. पण त्या गोष्टीत राजा रथ विकत नव्हता आणि रथातली एक मूठ कुणाच्या नवऱ्यानं घासलेली नव्हती. मी मूळपणाच्या मागं लागून जे गाडीत एकमेव, जगात दुसरं नसलेलं होतं तेच काढून टाकलं आणि त्या जागी हजारोंनी ओतलेलं प्लॅस्टिक बसवलं. वर ते मूळ म्हणून विकलं. बायला इंजिनाचं काही नव्हतं, पोराला मुठीचं काही नव्हतं. कुणाला काय लागणार होतं हे ठरवणारा मी कोण होतो? गोणी समोर ठेवली असती तर ज्यानं त्यानं आपलं आपलं उचललं असतं.

तिसऱ्या दिवशी ठाण्याचा आला. मी वहीचं कोरं पान काढून आठवून आठवून लिहून ठेवलं होतं. तळ, पायऱ्या, दारं, इंजिन कुठून आणलं, वायरिंग, काचा, सीट. वर तारीख आजचीच घातली, २००८ ची नाही. खाली सही. तो उभ्या उभ्या वाचत गेला. इंजिनाच्या ओळीवर थांबला, माझ्याकडं बघितलं, परत वाचायला लागला. मी म्हटलं, "व्हीएचं होणार नाही बहुतेक. इंजिनाची नोंद रीतसर करून घे, मी येतो बरोबर. आणि पैशाचं काय ते तू सांग."

तो पैशाचं काही बोलला नाही. शेवटची ओळ त्यानं दोनदा वाचली.

"गिअरची मूठ, लाकडी, घरी केलेली, काढली, भंगारात. काका, हे कशाला लिहिलंत? आरटीओवाले मुठीचं कुठं विचारतात?"

मी म्हटलं, "राहू दे तिथं."